आलोईसची खुर्ची

जर्मनीहून येऊन आठ महिने झाले. भेटेल तो विचारतो, "मास्तर, काय काय पाहिलंत?" मी सांगतो की तिकडे पाव काळा असतो आणि आंबट लागतो, आगगाडी मिनिटाला मिनिट धरून सुटते, म्हाताऱ्या बाया सायकलवर बसून शेतात जातात. ऐकणारे खूश होतात आणि मीही तेवढ्यावर थांबतो. पण मी तिकडे पाव पाहायला गेलो नव्हतो. मी फादर कोनराड यांच्या गावी गेलो होतो, आणि तिथे असेपर्यंत मी मुख्यतः एकच काम केलं, हेवा करण्याचं. ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

ज्यांनी फादरांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. ते आमच्या प्रवराकाठच्या गावी आले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, मिशनच्या शाळेवर मास्तर. आमच्याकडे मास्तर म्हणजे अर्धा फादर. खरे फादर महिन्यातून एकदा घोड्यावरून येणार, मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करून जाणार. बाकीचे दिवस प्रार्थना मास्तरनं सांगायची, मयताला मास्तरनं जायचं, संध्याकाळी पेटी पुढ्यात घेऊन भजन मास्तरनं म्हणायचं. येशूची भजनं मी आमच्या जुन्या चालींवर बसवली होती. लोक चार कोसांवरून ऐकायला येत.

फादर कोनराड मात्र आले ते गावातच राहिले. मांडी घालायला शिकले, माझ्याकडून भजनं शिकले, झांज शिकले. दीड वर्षात त्यांचा आवाज असा लागला की लोक मलाच म्हणायचे, "मास्तर, आज फादरांना म्हणू द्या." माझी बायको सगुणा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, त्यांच्या गळ्यात गोडवा आहे हो." आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. ते वाक्य मला अजून भाकरीच्या वासासकट आठवतं.

ईस्टरच्या सुमारास मी बिशपांना निनावी पत्र लिहिलं. फादर देवळात जमिनीवर बसतात, झांजा कुटतात, हिंदूंच्या चाली म्हणतात, लोकांचा धर्म बाटवतात. चाली माझ्या होत्या. ऑगस्टात फादर जर्मनीला परत गेले. पुढे युद्धात तिथल्या सरकारनं त्यांना धरलं आणि डाखाऊच्या छावणीत त्यांचा अंत झाला. हे आम्हांला युद्ध संपल्यावर कळलं. त्या दिवशी मी पेटी माळ्यावर टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचो, "म्हणवत नाही आता." लोकांना वाटलं, केवढं प्रेम.

गेल्या वर्षी त्यांच्या गावाहून पत्र आलं. चर्चच्या भिंतीत फादरांच्या नावाची शिळा बसवायची होती, आणि हिंदुस्थानात त्यांच्याबरोबर काम केलेला माणूस त्या दिवशी बोलायला हवा होता. आमच्या आताच्या फादरांनी मला न विचारता माझं नाव कळवलं. "तुमच्याइतकं जवळचं कोण होतं?" ते म्हणाले. फादरांची बहीण हयात आहे, हे त्या पत्रातच होतं. मी ठरवलं, तिच्यासमोर उभं राहून सांगून टाकायचं. सगुणानं तिच्यासाठी नवी वाकळ शिवली. जुन्या लुगड्यांची, सात थरांची.

म्युनिक

बोटीचं काही सांगत नाही. मला आठ दिवस उलट्या होत होत्या. म्युनिकच्या स्टेशनवर कुलकर्णी न्यायला आले होते. पुण्याचे, वय तिशीच्या आतलं, तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करणारे. गावकऱ्यांनी त्यांना माझा दुभाष्या म्हणून ठरवलं होतं.

"मास्तर ना? आल्झो, चला, ट्राम पकडू."

"आल्झो म्हणजे?"

"काही नाही. आपण 'तर मग' म्हणतो ना, तसं. वर्षभरात जिभेला चिकटतं, मग धुऊन जात नाही."

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात एक जाड गृहस्थ माझ्या बुटांकडे बघून बराच वेळ बोलले. "हे हाउसमाइस्टर," कुलकर्णी म्हणाले, "इमारतीचे राखणदार. आमचा पाटील, तलाठी आणि फौजदार एकाच लेंग्यात. बूट पुसा म्हणतायत."

जेवायला त्यांनी काळा पाव, मुळा आणि चीज काढलं. संध्याकाळचं जेवण तिथे थंडच असतं; चूल दुपारीच विझते. मी सगुणानं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडला आणि तसाच हातात धरून बसलो. समोर पुण्याचे कुलकर्णी आणि मी आमच्या वस्तीतला. हात आपोआपच थांबतो. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डबा ओढून घेतला.

"मास्तर, दोन वर्षं उकडलेले बटाटे खातोय. माझं सोवळं जेनोआच्या बंदरातच बुडालं." मग बोट चाटत म्हणाले, "आईला मात्र कळवू नका."

मला ते आवडले. त्यांच्या तोंडून मला काय बोलायचं आहे, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.

फादरांचं गाव

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी आम्ही गावच्या लहानशा स्टेशनवर उतरलो. हातगाडी घेऊन एक वाकलेला म्हातारा उभा होता. त्यानं टोपी काढली, माझी ट्रंक गाडीत ठेवली आणि वाटभर एक शब्द न बोलता पुढे चालला. रस्त्याच्या कडेला आलुबुखाराची झाडं फळांनी वाकली होती. घरं पांढरी, खिडक्यांत फुलं, आणि प्रत्येक घरापुढे शेणाचा ढीग, कडा तासून चौकोनी रचलेला. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कुलकर्णी म्हणाले, "इथे मुलगी देताना म्हणे ढीग बघतात. ढीग मोठा तेवढी गुरं जास्त."

फादरांची बहीण टेरेस दारात उभी होती. पासष्टीची, उंच, काळा पोशाख. भुवया अगदी फादरांच्या. मी पुढे व्हायच्या आत तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "सिमोन." फादर मला सायमन न म्हणता सिमोन म्हणायचे.

मला निजायला फादरांची खोली दिली. थंडी अशी की दात वाजत होते. पलंगावर ढगासारखी फुगलेली, पिसांची गादी होती. मी तिच्यावर निजलो. पांघरायला काही दिसेना, तेव्हा ट्रंकेतून बहिणीसाठी आणलेली वाकळच काढून अंगावर घेतली. सकाळी टेरेस गरम पाणी घेऊन आली आणि दारात थबकली. मग कमरेवर हात ठेवून हसली. ती गादी नव्हतीच. ते पांघरूण होतं. त्याच्याखाली शिरायचं असतं. माझ्या अंगाखालून तिनं पिसांचं पांघरूण ओढून काढलं आणि खुणेनं विचारलं, अंगावर हे काय? अशा रीतीनं सगुणाची भेट मी अंगावरून काढून, चोळामोळा झालेली, तिच्या हाती दिली. तिनं वाकळीत तोंड खुपसून वास घेतला. कुलकर्णींनी नंतर सांगितलं की ती म्हणाली, "धूर. कोनराडची ट्रंक उघडली तेव्हा असाच वास आला होता."

गावाचा फादरांवर केवढा जीव होता, ते त्या सकाळी दिसलं. बेकरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. शाळेच्या मुलांनी फादरांचं चित्र काढलं होतं, डोक्यामागे प्रभा. कुलकर्णींनी शिळेवरचा मजकूर वाचून दाखवला: "श्रद्धेसाठी प्राण दिले." मी मान हलवली. आत मात्र एक जुना किडा वळवळला. माझ्याच चाली, माझ्याच झांजा, आणि भिंतीत नाव त्यांचं. मेलेल्या माणसाचा, छावणीत उपाशी मेलेल्या माणसाचा मी हेवा करत उभा होतो. खरं तेच लिहायचं ठरवलं आहे.

शुक्रवारचं जेवण

शुक्रवार म्हणून मांस नव्हतं. बटाट्याच्या पिठाचे, मोदकाएवढे गोळे होते, आत अख्खं आलुबुखार, वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा. टेबलाभोवती चार खुर्च्या. भट्टीजवळच्या चौथ्या खुर्चीवर तो हातगाडीवाला म्हातारा येऊन बसला.

टेरेसनं त्याच्या ताटात पहिले दोन गोळे वाढले आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. कुलकर्णींनी त्याचं भाषांतर केलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, हा आलोईस. ह्यानंच माझ्या भावाला पकडून दिलं."

म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू त्याचा धंदा सांगितला होता, आणि काटा उचलला.

जेवता जेवता ती हकीकत मला कळली. आलोईस चर्चची घंटा वाजवायचा. युद्धात गावच्या शेतांवर पोलंडहून धरून आणलेले मजूर होते. त्यांनी जर्मन माणसांबरोबर मिस्सेला बसायचं नाही, असा हुकूम होता. फादर कोनराड त्यांच्यासाठी एका कोठारात वेगळी मिस्सा करायचे. एका रविवारी आलोईस पिऊन आला, तेव्हा फादरांनी घंटेचा दोर त्याच्या हातातून काढून एका पोलिश मजुराच्या हाती दिला. आलोईस तालुक्याच्या कचेरीत गेला आणि कोठाराचं सांगून आला. शुक्रवारी फादरांना नेलं. युद्ध संपल्यावर, कुणी विचारायच्या आत, आलोईसनं भर मिस्सेत उभं राहून हे सांगितलं. मग त्याला गावात कुणी पाव विकेना.

"मग तुम्ही?" मी टेरेसला विचारलं.

"कोनराडनं त्याला जेवू घातलं असतं," ती म्हणाली. "माझी मुळीच इच्छा नव्हती. म्हणून आधी खुर्ची मांडून ठेवली. मांडल्यावर मग उचलायची लाज वाटते."

दर शुक्रवारी आलोईस त्या खुर्चीवर बसतो. त्या घरात पाव कापण्याआधी घरातल्या कर्त्यानं सुरीच्या टोकानं पावाच्या पाठीवर क्रूस काढायचा असतो. पूर्वी तो फादर काढायचे. आता टेरेस पाव आणि सुरी आलोईससमोर ठेवते. त्यानं क्रूस काढला, पाव कापला आणि पहिला तुकडा मला दिला.

तो तुकडा खाताना मला त्या म्हाताऱ्याचा जो हेवा वाटला, तसा फादरांचाही कधी वाटला नव्हता. त्याचं पाप सगळ्या गावाला ठाऊक होतं. मुलं त्याला ओळखत होती, कुत्री ओळखत होती. त्याला आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि वर बसायला खुर्ची होती. मी सत्तावीस वर्षं भला माणूस म्हणून वावरलो होतो, आणि उभाच होतो.

शनिवारी मी कुलकर्णींना सगळं सांगितलं आणि उद्याच्या भाषणात तेही येईल, असं म्हटलं.

"नको, मास्तर. त्यांनी बँड बोलावलाय."

"बँडसाठी मी आलो नाही."

"गेनाऊ! अगदी बरोबर! तुम्ही त्यांच्यासाठी आलात. त्यांना काय हवंय? झांजा वाजवणारे फादर. ते द्या. बाकीचं तुमचं तुम्ही तुमच्या फादरांच्या कानात सांगा, त्यासाठी तुमच्या धर्मात सोय आहे ना?"

त्यांचं चूक होतं असंही नाही. पण त्यांच्या टेबलावर शब्दकोश होता. ते बाहेर गेल्यावर मी त्यात इंग्रजीवरून एक शब्द शोधून तळहातावर लिहून ठेवला.

रविवार

पितळी वाद्यांचा बँड होता, पुरुष चामड्याच्या तोकड्या विजारी आणि पिसाच्या टोप्या घालून आले होते. मी बोलायला उभा राहिलो. फादर मांडी कशी घालायचे, पहिल्या दिवशी त्यांचे पाय कसे बधिर झाले आणि त्यांना दोघांनी उचलून कसं नेलं, ते सांगितलं. लोक हसले. मग मी म्हणालो, "आणि याच माणसाविरुद्ध मी बिशपांना खोटं पत्र लिहिलं."

कुलकर्णींनी एक लांब, सुरेख वाक्य म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या ओळीतल्या एका बाईनं डोळे टिपले. म्युनिकला टपालाच्या पेटीवर मी 'ब्रीफ' हा शब्द वाचला होता. ब्रीफ म्हणजे पत्र. तो त्या वाक्यात नव्हता.

सगळे खानावळीत गेल्यावर टेरेसकडे आम्ही चौघंच कॉफीला बसलो. आज शुक्रवार नव्हता, तरी आलोईसची खुर्ची मांडलेली होती. आलुबुखाराचा केक कापायला टेरेसनं सुरी उचलली, तेव्हा मी तळहात उघडला आणि माझ्या जर्मनमध्ये म्हणालो,

"इश. ब्रीफ. बिशोफ. गेगन कोनराड." मी. पत्र. बिशप. कोनराडविरुद्ध.

टेरेसनं सुरी खाली ठेवली. आलोईसला सर्वांत आधी कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तसं त्या गावात मला तोवर कुणी पाहिलं नव्हतं. टेरेस कुलकर्णींना म्हणाली, "आता नीट सांगा." कुलकर्णींचे कान लाल झाले होते. त्यांनी नीट सांगितलं. मी काय लिहिलं, का लिहिलं, चाली कुणाच्या होत्या, सगळं.

"पत्र कधीचं?" तिनं विचारलं.

"ईस्टरचं."

ती उठली. कपाटातून एक पत्र्याचा डबा आणून तिनं चष्मा लावला आणि एक कागद काढला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातच आईला अर्धांगवायू झाला होता. फादरांनी नाताळातच घरी परतायची परवानगी मागितली होती. जूनमध्ये ती मिळाल्याचं त्यांनी या पत्रात लिहिलं होतं.

"तुमच्या पत्रानं काही झालं नाही," टेरेस म्हणाली. तिचा चेहरा मऊ झाला होता. "तो आईसाठी आला. तुमचा काही संबंध नाही."

तिला वाटलं, ती मला काहीतरी देते आहे. मला मात्र सत्तावीस वर्षांची एकच मालमत्ता कुणी काढून घेतल्यासारखं झालं. फादरांच्या गोष्टीत निदान खलनायक म्हणून मी होतो, असं मी धरून चाललो होतो. आता तिथे आलोईस होता, आणि मी कुठेच नव्हतो. खुर्ची त्याची, सुरी त्याची, पापसुद्धा त्याचंच.

आलोईस घोगऱ्या आवाजात काही बोलला. कुलकर्णींनी या वेळी शब्द गाळला नाही.

"ते म्हणतात, मला कुणी असा कागद दाखवला असता तर मी गुडघ्यांवर चर्चला गेलो असतो. आणि हा गृहस्थ तोंड पाडून बसलाय."

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. मी ती आयुष्यभर आरशात पाहिली आहे. तो माझा हेवा करत होता. मी मान खाली घातली आणि केक खाल्ला.

निघताना त्यानंच माझी ट्रंक हातगाडीवरून स्टेशनवर आणली. आगगाडीत कुलकर्णी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "चुकलं माझं, मास्तर." मी चटणीचा डबा त्यांच्याकडेच ठेवून आलो.

घरी

सगुणाला मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. पत्राचं सांगितलं तेव्हाही तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पत्राचं. टीपकागदावर उलटं उमटलं होतं. आरशासमोर धरून वाचलं मी."

"तुला तेव्हा वाचता कुठं येत होतं?"

"येत होतं. फादरांनी शिकवलं. तुम्ही गावच्या पोरांना शिकवत होतात."

ती सुपातले खडे वेचत राहिली.

"ते निघाले त्या दिवशी मी त्यांना सांगितलं. मी पाया पडणार होते, पडू दिलं नाही त्यांनी. म्हणाले, मला आईनं बोलावलंय, पत्राचं काय एवढं. सिमोनला कळू देऊ नकोस की मला ठाऊक आहे, म्हणाले. तो लाजेनं पेटी बंद करील."

मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी रागच आला. सत्तावीस वर्षं त्या दोघांत एक गोष्ट होती, माझीच, आणि ती मला ठाऊक नव्हती. ते मेले तरी तिनं ती जपून ठेवली होती. मी माळ्याकडे पाहत म्हणालो, "मी तरी बंद केलीच."

"केलीत," ती म्हणाली. "मी रोज बघत होते." तिनं सूप बाजूला ठेवलं. "काढू का खाली?"

"भाता उंदरांनी खाल्ला असेल."

"मग तोंडानं म्हणा," ती म्हणाली, आणि पदरानं हात पुसून माझ्यासमोर मांडी घालून बसली.